पक्ष्याखालचं अक्षर

माझ्या आईकडे दोन जुनी अमेरिकन नाणी आहेत, एक सोन्याचं आणि एक चांदीचं. चांदीच्या नाण्याची किंमत दौंडला आलेल्या एका व्यापाऱ्यानं चहा गार व्हायच्या आत सांगून टाकली. सोन्याच्या नाण्याची खरी किंमत मात्र कुणालाच ठरवता आली नाही, आणि आता ती कधी ठरणारही नाही. याला जबाबदार आमची आई, असं माझ्या भावाचं म्हणणं. तो ते अजूनही चारचौघांत सांगतो, लग्नात पंगतीला बसल्या बसल्या सांगतो. म्हणून मीही सांगणार आहे. त्याची बाजू पुष्कळांनी ऐकली. आमची कुणी विचारलेली नाही, आणि कुणी विचारील म्हणून वाट बघत बसण्याचा माझा स्वभाव नाही.

आई मूळची निमोण्याची. लग्न होऊन शिरूरला आली तेव्हा तिथं एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईंचा छोटासा दवाखाना होता. माझे वडील गवंडी होते. दवाखान्याची पडलेली भिंत बांधायला गेले आणि येताना आईसाठी काम घेऊन आले. झाडलोट करायची, पाणी तापवायचं, बाळंतिणीच्या उशाशी बसायचं. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आजही येत नाही, पण तिचा हात हलका होता आणि ती घाबरत नसे. हळूहळू बाई तिला बाळंतपणाच्या वेळी जवळ उभं करू लागल्या.

माझा भाऊ आईच्या पोटात होता तेव्हा बाईंची तब्येत ढासळली आणि त्या कायमच्या मायदेशी निघाल्या. जाताना त्यांनी रुमालात बांधलेली ही दोन नाणी आईच्या हातावर ठेवली. सोन्याचं पाच डॉलरचं, आकारानं आत्ताच्या आपल्या रुपयाएवढं. चांदीचं एक डॉलरचं, चांगलं जाडजूड, मुठीत धरलं तर मूठ भरते. येणाऱ्या बाळासाठी देते आहे, असं बाई म्हणाल्या. गरज पडली तर विकायची मोकळीकही दिली.

दोन्ही नाण्यांवर एका अंगाला बाईचा चेहरा आहे आणि दुसऱ्या अंगाला पंख पसरलेला पक्षी. आईनं आणि तिच्याबरोबर अख्ख्या आळीनं ठरवून टाकलं की सोन्यावरची बाई म्हणजे आपल्या दवाखान्याच्या बाईच, तरुणपणीच्या. चांदीवरची जरा अंगानं भरलेली दिसते, तेव्हा ती त्यांची आई. मी हायस्कूलला गेल्यावर मोठ्या ऐटीत सांगितलं की ही कुणी खरी बाई नाही, अमेरिकेतल्या लोकांनी स्वातंत्र्याला बाईचं रूप दिलंय. शेजारच्या चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तू पाह्यलं व्हतं का बाईंना?" मी पाहिलं नव्हतं. मग विषय तिथंच मिटला.

भाऊ आठव्या महिन्यात झाला. एवढासा, लालबुंद, रडायचीसुद्धा ताकद नसलेला. बाई गेलेल्या, दवाखाना बंद. आजीनं, म्हणजे वडिलांच्या आईनं, पोराकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, ह्याच्यावर जीव लावू नको. आईनं सासूचं आयुष्यात जे थोडं ऐकलं नाही त्यात हे पहिलं.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला गुटी देत. सहाण नावाच्या चपट्या दगडावर दुधाचे चार थेंब घालायचे आणि त्यात वेखंड, हळकुंड, बदाम, जायफळ असं एकेक उगाळायचं. दगडावर गोल एकदा फिरवलं की एक वेढा. कशाचा एक वेढा, कशाचे दोन. सगळ्यात शेवटी सोनं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा त्याचा अंश दुधात उतरायचा आणि ते बोट बाळाच्या जिभेवर. ज्याच्या घरी अंगठी असेल तो अंगठी उगाळी, पण दागिन्याला सोनार डाग देतो, सांध्यात दुसरा धातू भरतो, तो पोटात जायची भीती. आईकडं बिनसांध्याचं अख्खं सोनं होतं. तिनं ते उगाळायला घेतलं.

आता ही गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं भांडण हिच्यावरून झालं. बाईंचं तोंड दगडावर घासायचं हे आईच्या हातून होणं शक्यच नव्हतं. म्हणून बाई वर आणि पक्षी खाली. बाईंच्या गालावर अंगठा ठेवायचा, पुढची कड जराशी कलती करायची, आणि फिरवायचं. दरवेळी तोच अंगठा, तीच कड. पक्ष्याच्या पायांखालची जागा दगडाला लागायची.

भाऊ जगला, बाळसं धरलं, आणि आईचं नाव झालं. मग आळीत कुणाकडंही मूल झालं की आईला बोलावणं यायचं. माळ्यांच्या घरातून यायचं, चाचींच्या घरातून यायचं. चाचींकडं बाळाला आधी मध चाटवत, मग आईसाठी सहाण धुऊन ठेवत. माझ्या वेळी आजी म्हणाली होती, पोरीच्या जातीला कशाला सोनं. त्या दिवशी आईनं मला एक वेढा जास्त दिला. हे ती मला लहानपणी सांगायची तेव्हा मला फार आवडायचं, आणि आजही आवडतं. चांदीचं नाणं एवढ्या मानाचं नव्हतं. पोरं पडली, कपाळाला टेंगूळ आलं, की ते गार नाणं वर दाबून धरायचं. दसऱ्याला दोन्ही नाणी रांगोळीनं घासून लख्ख करायची आणि देवापुढं ठेवायची.

हल्ली डॉक्टर सांगतात की बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. माझ्या नातीला आम्ही काही दिलं नाही. आईनंच बजावलं होतं, "डॉक्टरीणबाई न्हाई म्हंत्यात तर न्हाई." तेव्हा सोन्यानं गुण येतो की नाही या वादात मी पडत नाही. मला एवढं माहीत आहे की आई त्या निमित्तानं दर घरात जायची, पोर उघडं करून बघायची, बेंबी बघायची, डोळ्यांचा पिवळेपणा बघायची, आणि संशय आला तर घरातल्या पुरुषांना दम देऊन बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात धाडायची. नुसतं "बघायला आलेय" म्हणून तिला कुणी आत घेतलं नसतं. सोनं घेऊन आलेल्या बाईला दारात कोण अडवणार?

आई आता ऐंशीच्या पुढं गेली. घर भावाच्या नावावर आहे, स्वयंपाकघर वहिनीच्या हातात. तिचं म्हणावं असं तिच्याजवळ हेच उरलंय. सोन्याचं नाणं ती चिंधीत गुंडाळून लुगड्याच्या कनवटीला खोचते. झोपतानाही तिथंच असतं.

भाऊ शिक्रापूरच्या एका कंपनीतून निवृत्त झाला. तिथं त्यानं कामगारांना भाड्यानं द्यायला खोल्या बांधल्यात आणि वर आणखी एक मजला चढवायचं त्याच्या मनानं घेतलंय. निवृत्तीनंतर त्याला मोबाईलचा नाद लागला. तुमच्या घरात हे नाणं असेल तर तुम्ही लखपती आहात, असं सांगणारे व्हिडिओ तो जेवतानाही बघतो. गेल्या वर्षी मी दौंडहून माहेरपणाला गेले, तर हा माझी वाटच बघत होता. मी चपला काढायच्या आत त्यानं आईला विचारलं,

"आई, बाईंनी ती नाणी कुणासाठी दिली व्हती?"

"येणाऱ्या बाळासाठी."

"म्हंजी कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मंग झालं तर."

"काय झालं?" मी विचारलं.

"नाणं माझं हाय. आईनं सांभाळलं, उपकार झालं. पण आता त्याची व्हॅल्यू काढायची. रेअर आसंल तर लाखांत जातंय. बाईंनीच इकायची परवानगी दिलीय."

"गरज पडली तर, असं म्हणाल्या होत्या बाई."

"मजला चढवायचा हाय ही गरज न्हाई व्हय?"

माझं डोकं फिरलं. तुझ्या मजल्यासाठी म्हातारीची कनवट सोडवतोस का, असं मी म्हणाले, आणखीही बरंच म्हणाले. वहिनी आतून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. आई मात्र शांत होती. तिनं चिंधी सोडली आणि नाणं तळहातावर ठेवलं.

"किंमत इचारून या," ती म्हणाली. "मलाबी कळू दे एकदा. पण इकायचं का न्हाई ते मी सांगीन. नाणं माघारी आलं पायजे." मग माझ्याकडं वळून, "तू संगं जा. त्याच्या एकट्याच्या हातात सोडू नको."

मी कबूल केलं. नाणं परत आणून तिच्या हातात द्यायचं, माझं काम एवढंच होतं. मी आईची मुलगी आहे, घेतलेलं काम मी अर्धवट ठेवत नाही.

पहिल्यांदा आम्ही शिरूरच्याच एका म्हाताऱ्या सराफाकडं गेलो. त्यानं काळ्या कसोटीच्या दगडावर नाण्याची कड ओढून रेघ काढली, वर आम्लाचा थेंब सोडला, वाकून बघितलं.

"बाविसाला जरा कमीच पडतंय," तो म्हणाला. "तांबं हाय ह्यात."

भावाचा चेहरा उतरला. "म्हंजी चोख न्हाई?"

"चोख सोन्याचं नाणं टिकत न्हाई. मऊ पडतंय. म्हणून तांबं घालत्यात." त्यानं पुन्हा रेघ ओढायला नाणं उचललं, तेव्हा मी त्याचा हात धरला आणि म्हणाले, आता पुरे, आधीच पुष्कळ घासलंय. तो हसला. नाणं तोलून त्यानं सोन्याच्या भावानं किती होतात ते सांगितलं आणि वर म्हणाला, "हे झालं सोन्याचं. त्याच्यावरच्या बाईचं आन् पाखराचं मोल मला कळत न्हाई. त्याला नाण्यातला जाणकार पायजे."

घरी आल्यावर भावानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर आईला सांगितलं की तुझ्या अमेरिकेच्या सोन्यात तांबं निघालं. आईनं विचारलं, "मंग कुणाला बाधलं का?" तो स्वतःच आमच्या घरात सगळ्यात धडधाकट.

जाणकार महिन्याभरात चालून आला, तोही दौंडला, माझ्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. जुनी नाणी, जुन्या नोटा खरेदी करणारा पुण्याचा एक व्यापारी स्टेशनजवळच्या लॉजवर दोन खोल्या घेऊन बसला होता. रिक्षाला भोंगा लावून गावभर ओरडत होते. मी भावाला फोन केला. मीच केला, हे तो सांगताना विसरतो. किंमत खरोखर काय आहे ते मलाही हवंच होतं. पुढं कुणी येऊन म्हातारीला फसवू नये, म्हणून तरी ते माहीत असलेलं बरं.

भाऊ पहिल्या एसटीनं आला. दोन्ही नाणी त्याच्या आतल्या खिशात होती आणि खिशावर हात. लॉजच्या जिन्यावर लोक रांगेत उभे. कुणाकडं भोकाचा पैसा, कुणाकडं राणीचा रुपया, एका माणसाकडं ट्रॅक्टर छापलेली पाच रुपयांची नोट. सगळ्यांनी तेच व्हिडिओ पाहिलेले. आत जाणारा छाती काढून जायचा आणि थोड्या वेळानं खाली मान घालून यायचा.

व्यापारी तरुण होता, पांढरे हातमोजे घातलेला, बोलायला गोड. टेबलावर मखमलीचा तुकडा, छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, डोळ्याला लावायचं भिंग आणि एक जाडजूड कॅटलॉग. आमच्यासाठी चहा मागवला. चांदीचं नाणं त्यानं कडेला धरलं, दोन्ही बाजू बघितल्या आणि बाजूला ठेवलं.

"डॉलर खरा आहे, पण हे साल भरपूर मिळतं. आणि घासून घासून चकचकीत केलंय. आमच्यात पॉलिश केलेल्या नाण्याची किंमत पडते, काका. काळं पडलेलंच राहू द्यायला हवं होतं. चांदीच्या भावापेक्षा थोडे जास्त देईन."

मी म्हणाले, "आमच्याकडं दसऱ्याला नाणं काळं ठेवलं तर त्या घरच्या बाईला नावं ठेवतात."

तो माझ्याकडं बघून हसला आणि पुन्हा भावाशी बोलू लागला. त्या पाऊण तासात तो किमतीबद्दल जे काही बोलला ते सगळं भावाशी बोलला. मी तिथं चहा प्यायला आले होते जणू.

मग त्यानं सोन्याचं नाणं घेतलं. बाईच्या चेहऱ्यावर भिंग धरलं आणि तो खुर्चीत सरळ बसला. साल वाचलं, कॅटलॉग उघडला, बोट फिरवत एका ओळीवर थांबला. चेहरा फार सुंदर राहिलाय, म्हणाला, केसांची बटसुद्धा दिसतेय. भाऊ पुढं सरकला. मग व्यापाऱ्यानं नाणं उलटं केलं आणि कॅटलॉग पुन्हा जवळ ओढला.

त्यानं आम्हाला समजावून सांगितलं, आणि नीट सांगितलं, हे मी कबूल करते. अमेरिकेत तेव्हा सोन्याची नाणी वेगवेगळ्या गावच्या टांकसाळींत पाडत. कुठलं नाणं कुठलं, ते कळावं म्हणून पक्ष्याच्या खाली बारीकसं अक्षर टाकत. सगळ्यात मोठ्या टांकसाळीच्या नाण्यावर अक्षरच नसे. ती भरपूर आहेत, सोन्याच्या भावानंच जातात. पण याच सालात एका लहान टांकसाळीनं थोडीच नाणी पाडली. त्यातलं हे असेल तर त्याची किंमत कुठल्या कुठं जाईल. त्यानं कॅटलॉगमधला फोटो दाखवला. पक्ष्याच्या पायांखाली तांदळाच्या कणीएवढं अक्षर होतं.

"आणि आपल्यावर?" भावानं विचारलं.

"तीच जागा नाहीये," व्यापारी म्हणाला. त्यानं नाणं उजेडात तिरपं धरलं. पक्ष्याचे पंख होते, मान होती. पायांपासून खाली मात्र सगळं गुळगुळीत उतरत गेलेलं. "अक्षर होतं की नव्हतं, हे आता जगात कुणीही सांगू शकणार नाही. वजनही अर्धा ग्रॅम कमी आहे. कुणीतरी कानस मारून सोनं काढून घेतलंय, काका. जुन्या काळी करायचे लोक असं. बहुतेक घरातल्याच कुणीतरी."

मी भावाकडं बघितलं. त्याला गुटी ठाऊक होती. सहाण ठाऊक होती. आमची आई नाणं कलतं धरून उगाळायची ते त्यानं दारात बसून शंभरदा पाहिलं होतं. आता हा बोलेल, असं मला वाटलं. आणि तो बोललाही.

"आसंल," तो म्हणाला. "आईला तवा काय कळत व्हतं."

मला आजही ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. आईवर चोरीचा आळ आला आणि तो पोटच्या पोरानं मुकाट कबूल केला, का, तर परक्या माणसापुढं आपण अडाणी घरातले वाटू नये म्हणून. मी उभी राहिले.

"कानस न्हाई मारली कुणी," मी म्हणाले. रागावले की माझीही शिरूरची बोली बाहेर येते. "आमच्या आईनं ते सोनं पोरांना उगाळून चाटवलंय. हा बसलाय ना, ह्याला चाटवलंय. मला चाटवलंय. आमच्या आळीतला एकजण रिक्षा चालवतो, एकजण शाळेवर मास्तर हाय, चाचींचा धाकटा दुबईला हाय, त्यांना चाटवलंय. चोरीला गेलेलं न्हाई ते. तुमच्या पुस्तकात हे कुठल्या पानावर येतं ते दाखवा."

जिन्यावरची माणसं दारातून डोकावायला लागली. व्यापाऱ्यानं भिंग खाली ठेवलं, आणि तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला.

"मावशी, माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं. पण पुस्तकात याला एकच शब्द आहे, डॅमेज्ड. मी दुसरा शब्द आणू कुठून?"

"मग तो तुमच्या पुस्तकालाच ठेवा," मी म्हणाले.

त्यानं भाव सांगितला. सोन्याचे होतात तेवढे, आणि बाईचा चेहरा चांगला राहिला म्हणून वर थोडे. भाव खोटा नव्हता. सराफानं सांगितल्यापेक्षा जास्तच होता. भावानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "द्या. करून टाका."

व्यापाऱ्यानं पैशाची बॅग उघडायला हात खाली घातला. नाणं मखमलीवर होतं. मी ते उचललं आणि पोलक्यात टाकलं. तिथून काढायची दोघांचीही छाती नव्हती. चांदीचं राहिलं होतं, तेही मुठीत घेतलं, आणि रांगेतून वाट काढत जिना उतरले. भाऊ मागून हाका मारत होता. मी थेट स्टँडवर जाऊन शिरूरची एसटी गाठली. घरी नवऱ्याला फोन करून सांगितलं, भात लावून घ्या, मी आईकडं चाललेय.

भाऊ धापा टाकत त्याच एसटीत चढला आणि माझ्यापासून लांबच्या सीटवर बसला. पाटसला उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडली. गळिताचा हंगाम, रस्ताभर चिपाडं पडलेली. भाऊ खाली उतरला, भुईमुगाच्या शेंगांची एकच पुडी घेऊन आला, आणि ती माझ्या मांडीवर ठेवून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. त्याच्याबद्दल इतकं वाईट सांगितलं, तर हेही सांगायला हवं. मी शेंगा खाल्ल्या. राग मात्र गेला नाही.

पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आई ओट्यावर मेथी निवडत होती. मी पोलक्यातून सोन्याचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं, चांदीचं शेजारी ओट्यावर. भाऊ उंबऱ्याशी उभा राहिला आणि चपला काढायच्या आत सुरू झाला. अक्षर, टांकसाळ, कॅटलॉग, सगळं सांगितलं. आवाज चढत गेला.

"त्या अक्षरात समदी किंमत व्हती, आई. समदी. आन् तू नेमकी तीच जागा घासून काढलीस. दुसरीकडून उगाळलं असतंस तर काय झालं असतं?"

आईनं नाणं मावळतीकडं धरलं. अंगठ्यानं ती उतरती जागा चाचपली.

"हितं व्हतं व्हय अक्षर?"

"तिथंच."

"मला कुठं वाचता येत व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना लाज होती ना दुःख. "मला बाईंचं तोंड तेवढं वळखू येत व्हतं. ते ऱ्हायलंय का नीट?"

"राहिलंय," मी म्हणाले. "तो माणूस म्हणाला, फार सुंदर राहिलंय."

"मंग बरं झालं." मग तिनं विचारलं, "वजनाला किती कमी भरलं?"

"अर्धा ग्रॅम," भाऊ म्हणाला.

"ते मला कळत न्हाई. गुंजंत सांग."

गुंज हे सोनाराचं जुनं वजन, लाल-काळ्या गुंजेच्या बीएवढं. आईच्या पिढीच्या बायका सोनं त्यातच मोजतात. मी मनात हिशेब केला. "चार गुंजा, आई."

तिचा विश्वास बसेना. "चारच? समद्या आळीची पोरं झाली, आन् चारच गुंजा गेल्या? मला वाटलं निम्मं संपलं आसंल." आणि ती हसायला लागली, खांदे हलवून, तोंडाला पदर लावून. बऱ्याच दिवसांत मी तिला अशी हसताना पाहिली नव्हती.

भावाला ते सहन झालं नाही. "आई, माझ्यासाठी दिलं व्हतं ते. तूच म्हणालीस. माझं व्हतं."

आईचं हसू थांबलं. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. बासष्टीचा उंचापुरा माणूस, कानाजवळचे केस पांढरे झालेले.

"तुझंच व्हतं," ती म्हणाली. "तवाच तुला दिलं. आठव्या म्हैन्यातला तू. तुझी आजी म्हणली, जीव लावू नको. मी रोज सकाळी उगाळायची आन् तुझ्या जिभंवर ठेवायची. बाकीच्यांना येक-येक वेढा दिला. तुला वरीसभर. त्या चारातली येक गुंज तुझ्या एकट्यात हाय. आन् ते अक्षर म्हंतोस, ते पयल्या वेढ्यांतच तुझ्या पोटात गेलंय. दोन्ही काढून दे, हितं पयल्यासारखं बसवून आण, मंग खुशाल इक. मी न्हाई म्हणणार न्हाई."

भाऊ उभाच होता. आईनं नाणं चिंधीत गुंडाळलं, कनवटीला खोचलं, वरून लुगड्याचा पिळा घट्ट केला. मग मेथीची दुसरी जुडी सोडून त्याच्या बाजूला सरकवली. त्यानं चपला काढल्या, तिच्याशेजारी ओट्यावर बसला, आणि एकेक पान खुडायला लागला.